खिडकीत न हलणारा ठिपका : नवशिक्या वैमानिकाने हवेतली टक्कर कशी टाळावी

बारामती, गोंदिया, धुळे इथे किंवा थेट अमेरिका-कॅनडात जाऊन विमान चालवायला शिकणारी मराठी मुलेमुली आता बरीच आहेत. इंजिन बंद पडले तर काय करायचे, स्टॉलमधून, म्हणजे पंखांची उचल तुटते त्या अवस्थेतून, बाहेर कसे यायचे, हे त्यांच्याकडून घोटून घेतले जाते. दुसरे विमान येऊन आपल्यावर आदळू नये म्हणून काय करायचे, हे मात्र बहुतेक वेळा ‘लुकआउट ठेव’ एवढ्या दोन शब्दांत उरकते. कुठे बघायचे, किती वेळ बघायचे, नेमके काय शोधायचे, हे कोणी बसवून सांगत नाही. मलाही ते उशिरा कळले, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

८ जुलै २०२५ रोजी कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात स्टाइनबाखजवळच्या प्रशिक्षण विमानतळाशेजारी दोन सेसना विमानांची टक्कर झाली. दोन्हींत एकेक विद्यार्थी होता आणि दोघेही उड्डाण-लँडिंगचा सराव करत होते. दोघेही गेले. त्यातला एक भारतीय होता.

‘एवढे मोठे आकाश, त्यात धडकायला दुसरे विमान भेटणार कुठे?’ असे सुरुवातीला सगळ्यांनाच वाटते. पण शिवार कितीही मोठे असले तरी गुरे जमतात ती पाणवठ्यावर. विमानांचा पाणवठा म्हणजे धावपट्टी. छोट्या विमानांच्या टकरी बहुतांशी विमानतळाजवळ, कमी उंचीवर, भर दिवसा आणि स्वच्छ हवेत होतात. समोरासमोरच्या टकरी त्यात थोड्याच असतात. वेगवान विमान हळू विमानाला मागून किंवा वरून गाठते, हा प्रकार जास्त आढळतो. म्हणजे ज्या दिवशी हवा छान आहे आणि सगळे क्लबात जमले आहेत, तोच दिवस सावध राहण्याचा.

आधी डोळ्याची खोड समजून घ्या

आपल्या डोळ्याला हालचाल चटकन टिपता येते. कोपऱ्यात पाल सरकली तरी मान वळते. हवेत नेमकी हीच सवय दगा देते. दोन विमाने सरळ रेषेत, स्थिर वेगाने एकाच बिंदूकडे निघाली असतील, तर एकातून दुसरे खिडकीच्या एकाच जागी दिसत राहते. ते पुढे सरकत नाही, मागे पडत नाही. जे विमान काचेवर सरकताना दिसते ते सहसा आपल्या पुढून किंवा मागून निघून जाणार असते. जे एकाच जागी खिळल्यासारखे दिसते आणि हळूहळू मोठे होते, ते आपल्याकडे येते आहे. या लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर ते हे.

हे ‘हळूहळू मोठे होणे’सुद्धा फसवे असते. गणित करून पाहा. दोन सेसना १७२ समोरासमोर, प्रत्येकी १०० नॉट वेगाने येत आहेत. मिळून २०० नॉट, म्हणजे सेकंदाला सुमारे १०३ मीटर. पंखांचा विस्तार ११ मीटर. टक्कर १२ सेकंदांवर असताना ते विमान पौर्णिमेच्या चंद्राएवढे रुंद दिसते, आणि तेही चंद्रासारखे गोल व उजळ नाही, तर एक बारीक आडवी रेघ. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याएवढे रुंद दिसू लागते तेव्हा उरलेले असतात तीन सेकंद. शेवटच्या दोन सेकंदांत ते अचानक फुलल्यासारखे खिडकीभर होते.

तीन सेकंद का पुरत नाहीत? अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक प्रशासनाच्या मार्गदर्शक पत्रकात याचा हिशेब दिला आहे. वस्तू दिसायला ०.१ सेकंद, ते विमान आहे हे ओळखायला १, ते टकरीच्या वाटेवर आहे हे उमगायला ५, कुठे वळायचे ते ठरवायला ४, हात-पाय हलायला ०.४ आणि विमानाने दिशा बदलायला २. एकूण १२.५ सेकंद. यातले सर्वांत मोठे दोन आकडे बघा, पाच आणि चार. दोन्ही मेंदूचे आहेत, आणि सरावाने कमी होऊ शकतात ते एवढेच. ‘हलत नाही म्हणजे धोका’ हे आधीच डोक्यात पक्के असेल तर पाच सेकंद विचारात जात नाहीत. कुठल्या बाजूला वळायचे हे जमिनीवरच ठरवले असेल तर चारातलेही बरेच वाचतात.

डोळ्याची आणखी एक खोड. नुसत्या निळ्या किंवा धुरकट आकाशाकडे बघत राहिले की डोळ्याला धरायला काही सापडत नाही आणि तो आपोआप एक-दोन मीटरवर फोकस करतो. तुम्हाला वाटते आपण दूरवर बघतो आहोत. प्रत्यक्षात दूरचे काहीच स्पष्ट नसते. म्हणून दर थोड्या वेळाने क्षितिजावरचा डोंगर, ढगाची कड, नाहीतर आपल्याच पंखाचे टोक असे काही दूरचे धरून डोळा पुन्हा ‘लावून’ घ्यावा लागतो.

बघायचे कसे

नजर डावीकडून उजवीकडे झाडूसारखी फिरवली तर काहीही दिसत नाही, कारण फिरता डोळा टिपत नाही. थांबून बघावे लागते. हात लांब करून मूठ धरा. तिची रुंदी साधारण १० अंश. एका मुठीएवढ्या तुकड्यावर निदान एक सेकंद थांबा, मग शेजारची मूठ. नाकासमोरून डावीकडे सहा मुठी, उजवीकडे सहा मुठी. मग आत येऊन दोन-तीन सेकंद उपकरणे, आणि पुन्हा बाहेर. वेळेची वाटणी बाहेर तीन वाटे आणि आत एक वाटा अशी धरा. नवशिक्यांचे बहुधा उलटे होते, विशेषतः नवीन विमानांतल्या काचेच्या रंगीत पडद्यांमुळे.

उंचीसाठी एक सोपी खूण आहे. तुमच्याच उंचीवरचे विमान क्षितिजरेषेवर दिसते. रेषेच्या वर दिसले तर ते तुमच्यापेक्षा उंच आहे, खाली दिसले तर खाली. म्हणून शोधाचा मुख्य पट्टा क्षितिजाच्या एक मूठ वर आणि एक मूठ खाली. खाली दिसलेले विमान चढत असेल, वर दिसलेले उतरत असेल, हे मात्र सोडू नका. आणि खालचे विमान शेतांच्या ठिगळांवर शोधणे आकाशातल्यापेक्षा कितीतरी अवघड असते. तिथे बहुधा आधी दिसते ती त्याची सावली किंवा पंखावरची चमक.

याचा सराव घरी, गच्चीवर करता येतो. घारी फिरत असतात तेव्हा एका मुठीएवढ्या तुकड्यात किती दिसतात ते मोजा, मग शेजारच्या तुकड्यात. आठवडाभर रोज दहा मिनिटे केले तरी नजरेला थांबायची सवय लागते.

उड्डाणाआधी जमिनीवर

काच स्वतः पुसा. हे काम मदतनिसावर सोडू नका. काचेवर चिकटलेला मेलेला किडा आणि दोन मैलांवरचे विमान सारखेच दिसते. दोन्ही हलत नाहीत. शंका आली की डोके वीतभर पुढे किंवा बाजूला न्या. किडा मागच्या देखाव्यावरून सरकतो, विमान सरकत नाही.

खुर्ची दर वेळी त्याच उंचीवर लावा. डोळा चार बोटे खाली गेला की पुढचे दृश्य विमानाच्या नाकामागे जाते. नकाशा आणि पट्टी आधीच घडी घालून हाताशी ठेवा, म्हणजे वर गेल्यावर मान खाली घालून शोधाशोध होणार नाही. विमानतळाचा क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीला धरून काढलेला हवेचा दाब, नीट ऐकून अल्टिमीटरवर (उंची दाखवणाऱ्या उपकरणावर) लावा. एका हेक्टोपास्कलची चूक म्हणजे सुमारे ३० फुटांचा फरक. दहाची झाली की तुम्ही ज्या उंचीवर आहात असे सांगता तिथे नसताच.

सूर्य कुठे असेल तेही जमिनीवरच ठरवा. सकाळी पूर्वेकडे तोंड करून येणाऱ्याला समोरचे दिसत नाही, आणि तुम्ही सूर्याच्या बाजूला असाल तर तुम्ही त्याला दिसत नाही. ऊसपट्ट्यात पाचट जाळण्याच्या दिवसांत धुराचा थर असतो. त्यावरचे पांढरे विमान पांढऱ्या कपड्यावर सांडलेल्या दुधासारखे हरवते. लँडिंग लाइट दिवसाही चालू ठेवा.

विमानाचे आंधळे कोपरे

प्रत्येक विमान काही ना काही झाकते. सेसनाचे पंख डोक्यावर असतात, त्यामुळे वरचे दिसत नाही. वळताना आतला पंख खाली येतो आणि जिथे जायचे आहे नेमकी तीच बाजू झाकतो. म्हणून वळण्याआधी तो पंख जरा वर उचलून त्या बाजूला बघा, ‘लेफ्ट क्लिअर’ मोठ्याने म्हणा आणि मगच वळा. न बघता नुसतेच ‘लेफ्ट क्लिअर’ म्हणणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिलेत. तोंडाला सवय लागते, मानेला लागत नाही. पंख खाली असलेल्या पायपरसारख्या विमानात उलटे, खालचे दिसत नाही. फायनलवर, म्हणजे उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, पायपर वर, सेसना खाली आणि दोघे एकाच धावपट्टीकडे उतरत असतील, तर दोघांनाही एकमेक दिसत नाहीत. हवेतल्या टकरींमधली ही सर्वांत वाईट जोडी.

चढताना नाक पुढचे झाकते. धावपट्टीभोवतीच्या सर्किटबाहेर लांब चढत जायचे असेल तर दर थोड्या वेळाने हलकेच डावी-उजवी नागमोड घ्या. काचेच्या चौकटीचे खांबही फसवतात. चौकात मोटारीच्या खांबामागे अख्खी स्कूटर लपते आणि दोघांचा वेग जुळला की लपलेलीच राहते, तसेच. इलाज तोच, मान हलवा. खांब स्थिर आहे, निदान तुमची मान तरी स्थिर नको.

सर्किट : सगळ्यात जास्त लक्ष इथे

सर्किट म्हणजे धावपट्टीभोवतीची ठरलेली आयताकृती वाट: क्रॉसविंड (उड्डाणानंतर वळून घ्यायची आडवी बाजू), डाउनविंड (धावपट्टीला समांतर, उलट्या दिशेने), बेस (धावपट्टीकडे परत येणारी आडवी बाजू), फायनल (धावपट्टीच्या सरळ रेषेत). उंची बहुतेक ठिकाणी जमिनीपासून १००० फूट, वळणे सहसा डावीकडे. या वाटेचा खरा उपयोग हा की बाकीच्यांना तुम्हाला कुठे शोधायचे ते कळते. जो ठरलेल्या जागी नसतो तो कोणालाच दिसत नाही.

त्यामुळे आत शिरताना सर्किटच्या उंचीवर आधीच या. वरून डाउनविंडवर उतरत येऊ नका. तुमच्या पोटाखाली कोण आहे ते तुम्हाला दिसणार नाही. माझ्या सुरुवातीच्या सोलो, म्हणजे एकट्याने केलेल्या, उड्डाणांपैकी एकात मी डाउनविंडवर होतो आणि रेडिओवर दुसऱ्यानेही ‘डाउनविंड’ सांगितले. मी पुढे बघितले, डावीकडे बघितले, कोणी नाही. तो माझ्या वर होता, पंखाआड, दोनशे फुटांवर, आणि उतरत होता. त्याची सावली शेतात माझ्या सावलीजवळ येताना दिसली तेव्हा कळले. त्या दिवसापासून आवाज ऐकला आणि विमान दिसले नाही, की मी आधी माझ्या उंचीवर सरळ स्थिर राहतो, माझी जागा पुन्हा सांगतो आणि त्याला विचारतो, तू कुठल्या उंचीवर आहेस. विचारण्यात कमीपणा नाही.

बेसवरून फायनलला वळण्याआधी धावपट्टीकडे नजर लावून बसू नका. उलट्या बाजूला, फायनलच्या लांब टोकाकडे बघा. तिथून कोणी सरळ येत असेल तर आत्ताच दिसायला हवे. १८ ऑगस्ट २०२२ रोजी कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिल इथे, जिथे नियंत्रण मनोरा नाही, सेसना १५२ सर्किटमध्ये होते आणि दोन इंजिनांचे सेसना ३४० सरळ फायनलवर फार वेगाने येत होते. दोघेही रेडिओवर बोलत होते. तिघे मेले. बोलणे झाले होते, म्हणून वाट मोकळी होती असे नाही. मागून येणाऱ्याचा वेग तुमच्या दुप्पट असू शकतो, हे धरूनच ‘दोन मैलांवर’ या शब्दांचा अर्थ लावा.

वळण ओलांडून पलीकडे जाणे हीसुद्धा टकरीची वाट आहे. १२ मे २०२१ रोजी डेन्व्हरजवळच्या सेंटेनियल विमानतळावर एक सिरस विमान फायनलचे वळण ओलांडून समांतर धावपट्टीच्या वाटेत गेले आणि तिथे उतरणाऱ्या मेट्रोलायनर विमानाला धडकले. सिरस अख्ख्या विमानाच्या पॅराशूटवर खाली आले, मेट्रोलायनर फाटलेल्या पाठीने धावपट्टीवर उतरले. कोणालाही इजा झाली नाही. असे दैव सगळ्यांना मिळत नाही. वळण हुकते आहे असे वाटले की ओढून-ताणून पुरे करू नका, गो-अराउंड घ्या, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर चढा.

गो-अराउंडमध्येही खाली कोण आहे ते बघा. डाव्या सर्किटमध्ये धावपट्टीच्या जरा उजवीकडे सरका, म्हणजे डाव्या खुर्चीतून धावपट्टी आणि तिच्यावरून उडणारे विमान दोन्ही दिसते. डोक्यावरून सरळ चढत गेलात तर खालचा तुमच्या पोटात चढतो.

रेडिओ

नियंत्रक नसलेल्या विमानतळावर तुमचा आवाज हाच तुमचा दिवा. विमानतळाचे नाव, कॉलसाइन (विमानाचे रेडिओवरचे नाव), जागा, उंची, पुढे काय करणार, आणि शेवटी पुन्हा विमानतळाचे नाव. एवढेच, आणि सावकाश. चढत्या उत्साहात घाईने बोललेले कोणाच्या हाती लागत नाही. त्याहून महत्त्वाचे ऐकणे. प्रत्येक आवाज ऐकला की मनातल्या सर्किटवर एक टिंब लावा. दोन आवाजांची दोन टिंबे लागली आणि डोळ्यांना एकच विमान दिसले, तर दुसरे सापडेपर्यंत कामाला लागा.

वाट कोणाची

इथे आपल्याकडच्या मुलांना एक खास धोका आहे. आपण रस्त्यावर डावीकडून चालतो, त्यामुळे समोरून कोणी अंगावर आले की हात आपोआप डावीकडे वळतो. आकाशात नियम उलटा: समोरासमोर आलेल्या दोघांनीही उजवीकडे वळायचे. एकाने डावीकडे आणि दुसऱ्याने उजवीकडे घेतले तर दोघे पुन्हा समोरासमोर. मोटारसायकल चालवणाऱ्यांनी ही गोष्ट खुर्चीत बसून, डोळे मिटून, हाताने पन्नास वेळा करून बघावी.

बाकीचे थोडक्यात. वाटा एकमेकींना छेदत असतील तर जो तुमच्या उजवीकडे आहे त्याला वाट द्या. मागून गाठणाऱ्याने उजवीकडून जायचे आणि जबाबदारी त्याचीच. उतरणाऱ्यांत खालच्याचा हक्क आधी. रात्री उजवीकडे लाल दिवा दिसला तर ती त्याची डावी बाजू, म्हणजे तो तुमच्या पुढून जाणार. लाल दिसले की तुम्ही थांबायचे, म्हणजेच वाट द्यायची. पण तुमचा हक्क त्याला माहीत असेलच, तुम्ही त्याला दिसला असालच, हे धरून बसू नका.

सराव क्षेत्र आणि लांबचा प्रवास

स्टॉल किंवा तीव्र वळणांच्या सरावाआधी क्लिअरिंग टर्न घ्या: ९० अंश एका बाजूला, मग ९० अंश दुसऱ्या बाजूला. वळणे घेता घेता बघा, आणि संपल्यावर पुन्हा बघा. प्रत्यक्ष सरावाच्या वेळी इन्स्ट्रक्टर आणि विद्यार्थी दोघांचीही मान आत असते. बाहेर कोण बघतो आहे, हे मोठ्याने ठरवून घ्या.

उजनीच्या पाण्यासारखी दुरून ओळखू येणारी खूण प्रत्येकालाच सोयीची, म्हणून तिच्या नेमक्या डोक्यावरून जाऊ नका, जरा बाजूने जा. रस्ता, नदी किंवा नीरा डाव्या कालव्यासारखी लांब रेघ धरून जायचे असेल तर ती आपल्या डाव्या हाताला ठेवा. समोरून येणाराही तेच करील आणि दोघे रेघेच्या दोन बाजूंनी जाल. आणि मित्राच्या विमानाचा फोटो काढायला जवळ जाऊ नका. जवळून उडणे हे वेगळे प्रशिक्षण आहे, ते घेतल्याशिवाय अजिबात नाही.

पडदा आणि ट्रान्सपॉन्डर

ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला उत्तर देणारे विमानातले यंत्र, उंचीसह चालू ठेवा, सर्किटमध्येसुद्धा. ३१ ऑगस्ट १९८६ रोजी लॉस एंजेलिसजवळ सेरिटोस इथे एक छोटे पायपर आणि एक प्रवासी डीसी-९ धडकले, ८२ जण मेले. पायपरच्या ट्रान्सपॉन्डरमध्ये उंची सांगण्याची सोय नव्हती. मोठ्या विमानांतली टक्कर टाळणारी यंत्रणा तुमच्या ट्रान्सपॉन्डरचेच उत्तर ऐकते. तो बंद असेल तर तिच्या लेखी तुम्ही हवेत नाहीच.

एडीएस-बीमुळे, म्हणजे विमान आपली जागा स्वतः प्रसारित करते त्या यंत्रणेमुळे, आता टॅबलेटवरही आसपासची विमाने दिसतात. फार उपयोगी गोष्ट आहे, मी वापरतो. पण १३ मे २०१९ रोजी अलास्कात केचिकनजवळ पर्यटकांना फिरवणारी दोन विमाने धडकली तेव्हा दोन्हींत असे पडदे होते. सहा जण गेले. दोन्ही वैमानिकांना दुसरे विमान आपल्याच विमानाच्या सांगाड्याआड झाकले गेले होते, आणि पडद्यांनी आवाज देऊन सावध केले नाही. पडद्यावर एक नजर, तीही कुठल्या मुठीत शोधायचे ते कळण्यापुरती. मग बाहेर. आणि पडद्यावर जो नाही तो आकाशात नाही, असे नाही.

दिसले, आता?

काचेवर सरकत असेल तर नजरेतून सुटू देऊ नका आणि आपली वाट धरा. हलत नसेल तर लगेच काहीतरी बदला: दिशा, उंची किंवा दोन्ही. वळताना तुमच्याच पंखाआड ते जाणार नाही अशी बाजू निवडता आली तर उत्तम. वळणामुळे तुमच्या पंखांचे रुंद पृष्ठ त्याला दिसते, हाही फायदाच. बदल मोठा करा; पाच अंशांचे वळण त्याला दिसत नाही आणि तुम्हाला वाचवत नाही. एक विमान टळले की पुन्हा मुठी मोजायला लागा. त्याच्याकडे बघत राहिलात तर त्याच्या मागचे दुसरे सुटते.

उतरल्यावर

इंजिन बंद केले की लॉगबुक भरण्याआधी एक कोरा कागद घ्या. त्यावर सर्किटचा आयत काढा आणि या उड्डाणात ऐकलेले प्रत्येक विमान तेव्हा कुठे होते तिथे टिंब लावा. जी डोळ्यांनी दिसली त्यांना गोल करा. गोल न केलेली टिंबे घेऊन इन्स्ट्रक्टरकडे जा आणि एकेक विचारा: सर, हे कुठे होते, आणि मला का दिसले नाही?